‘पेंदेहो’ म्हणजे नक्की काय? स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी एका शिवीचा वाटाड्या

स्पॅनिश शिकायला घेतलं की पहिल्या महिन्याभरातच ‘पेंदेहो’ हा शब्द कानावर येतो. मेक्सिकन मालिकांत तो आहे, गाण्यांत आहे. ह्यूस्टन किंवा लॉस एंजेलिसला राहणाऱ्या मराठी माणसाला तो गॅरेजमध्ये, हॉटेलच्या भटारखान्यात आणि बांधकामावर ऐकू येतो. अर्थ शोधला तर ‘मूर्ख’ असा एका शब्दात निकाल लागतो, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. हाच शब्द ब्वेनोस आयरेसला ‘पोरगा’ होतो, लिमाला ‘बेरकी’ आणि हवानाला ‘भित्रा’. मेक्सिको सिटीत दोन मित्रांमध्ये तो हसण्यावारी जातो आणि त्याच रस्त्यावर दोन अनोळखी ड्रायव्हरांमध्ये मारामारी लावतो.

म्हणून अर्थ पाठ करू नका. शब्द ऐकला की क्रमाने काही गोष्टी तपासायची सवय लावा. खाली मी तोच क्रम धरला आहे. आधी ऐकायला शिका, बोलण्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी.

पायरी १ : उच्चार

स्पेलिंगमध्ये इंग्रजी ‘जे’ दिसतो म्हणून ‘पेंडेजो’ म्हणू नका. स्पॅनिशमध्ये त्या अक्षराचा उच्चार ‘ह’च्या जवळ जातो. मेक्सिकोत तो घशात थोडा घासून येतो, ‘ह’ आणि ‘ख’ यांच्या मधला. क्युबा, पोर्तो रिको या बाजूला तो अगदी मऊ ‘ह’ असतो. आघात मधल्या ‘दे’वर: पेन्-दे-हो. आपल्या ‘दात’मधला दंत्य ‘द’ इथे जसाच्या तसा चालतो. इंग्रजी बोलणारे बिचारे तिथे ‘ड’वर अडखळतात, मराठी माणसाला ती अडचण नाही. बाईसाठी पेंदेहा, अनेकवचन पेंदेहोस आणि पेंदेहास.

उच्चाराकडे लक्ष द्या म्हणतो त्याला कारण आहे. अर्जेंटिनाचे व्यंगचित्रकार आणि लेखक रोबेर्तो फोंतानारोसा यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये रोसारियो शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्पॅनिश भाषा परिषदेत शिव्यांवर भाषण केलं होतं. शिव्यांना माफी द्या, अशी त्यांची मागणी होती. ‘पेलोतूदो’ या अर्जेंटिनी शिवीचं उदाहरण देऊन त्यांनी सांगितलं, की तिचं बळ तिच्या ‘त’मध्ये आहे, ‘तोंतो’ म्हणजे साधा मूर्ख म्हटल्याने ते काम होत नाही. ‘पेंदेहो’लाही हे लागू पडतं. मेक्सिकन माणूस रागात म्हणतो तेव्हा ‘पेन्’ ओठांवर फुटतं आणि ‘दे’ लांबतं. लाडात म्हणतो तेव्हा सगळा शब्द सैल, घरंगळत येतो. हा फरक आधी कानाला कळायला हवा.

पायरी २ : मूळ एकदा माहीत करून घ्या, मग सोडून द्या

मूळ अर्थ जांघेतला केस. बोली लॅटिनमधल्या ‘पेक्तिनिकुलुस’ या रूपापासून शब्द आला असं स्पॅनिश अकादमीचा कोश सांगतो, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘पेक्तेन’चा लॅटिनमधला एक अर्थ कंगवा. पोर्तुगीजमध्ये याचं सख्खं भावंड आहे ‘पेंतेल्यो’. मूळ अर्थ तोच, पण ब्राझीलमध्ये तो शब्द डोकं खाणाऱ्या, चिकट माणसाला लावतात.

मराठी वाचकाला यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. ‘त्याला शष्प कळत नाही’ असं आपल्याकडे चांगली शिकलेली माणसंही म्हणून जातात, आणि त्या शष्पाचा अर्थ कोणाच्या मनात येत नाही. त्याचा रांगडा मराठी प्रतिशब्द कोणता आणि तो कुठे कुठे वापरला जातो, हे इथे लिहायची गरज नाही. कवडीमोल, क्षुद्र या अर्थाकडे जाण्याची वाट दोन्ही भाषांना एकच सापडली. आज मेक्सिकोत ‘पेंदेहो’ म्हणताना केसाची आठवण कोणाला होत नाही. चिली आणि क्युबात मात्र मूळ अर्थही वापरात टिकून आहे.

पायरी ३ : बोलणारा कुठला आहे?

हा पहिला खरा प्रश्न. माणूस कुठला हे माहीत नसेल तर अर्थ लावायला जाऊच नका.

मेक्सिकोपासून सुरुवात करू, कारण स्पॅनिश बोलणाऱ्यांत सर्वांत मोठा देश तोच. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १२ कोटी ६० लाख. त्यात अमेरिकेतले मेक्सिकन वंशाचे लोक धरले की तुम्ही ऐकाल त्यातला मोठा भाग मेक्सिकन अर्थाचाच असेल. तिथे पेंदेहो म्हणजे मूर्ख, बिनडोक. पण हा ‘वेडा रे वेडा’ छापाचा मूर्ख नाही. ज्याला कळायला हवं होतं आणि तरी कळलं नाही, असा. रागाच्या भरात हाही अर्थ विरतो आणि ‘एसे पेंदेहो’ म्हणजे नुसतं ‘तो हरामखोर’ उरतं. मध्य अमेरिकेत आणि कोलंबियात अर्थ साधारण हाच, मात्र कोलंबियात धार बरीच बोथट आहे.

व्हेनेझुएलात या मूर्खपणाला भोळेपणाची छटा आहे, आणि तिथली एक गोष्ट मला या शब्दाच्या सगळ्या इतिहासात महत्त्वाची वाटते. आर्तुरो उस्लार पिएत्री हे तिथले अत्यंत मान्यवर लेखक आणि १९६३ सालचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. १९८९ मध्ये भ्रष्टाचाराविषयी बोलताना त्यांनी टीव्हीवर हा शब्द उच्चारला. मुद्दा असा, की या देशात जो लुटत नाही, प्रामाणिक राहतो, तो पेंदेहो ठरतो. ऐंशीच्या घरातल्या, टापटीप सूट घालणाऱ्या विद्वानाच्या तोंडून ही शिवी आल्यावर देश हादरला, आणि मग लोकांनी ती उचलून धरली. काराकासमध्ये पेंदेहोंचा मोर्चा निघाला. होय, आम्हीच ते पेंदेहो, असं म्हणत लोक रस्त्यावर आले. शिवी अंगावर घेऊन तिची पताका करणं, हेही त्या शब्दाच्या वापरात मोडतं.

क्युबा आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात रोख भित्रेपणावर आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क भागात मराठी वस्ती मोठी आहे आणि त्याच भागात डोमिनिकन आणि पोर्तो रिकन वस्तीही मोठी आहे, त्यामुळे तिकडच्यांनी हे ध्यानात ठेवावं. एखाद्याने भांडणात माघार घेतली आणि मागून ‘पेंदेहो’ ऐकू आलं, तर त्याची अक्कल कोणी काढत नाही, त्याला शेळपट म्हणतात.

दक्षिणेकडे सरका आणि चित्र पार बदलतं. अर्जेंटिना आणि उरुग्वेत पेंदेहो म्हणजे पोरगा, पोरसवदा. ‘क्वांदो एरा पेंदेहो’ म्हणजे ‘मी पोरगा होतो तेव्हा’. यात शिवी जवळजवळ नाहीच, फार तर बोलणं थोडं गावठी. पण मोठ्या माणसाला ‘नो सेआस पेंदेहो’ म्हटलं की अर्थ होतो, ‘पोरकटपणा पुरे’. आणि पुढे ‘दे मियेर्दा’ (शब्दशः ‘गुवाचा’) जोडलं की तो शेंबड्या, उद्धट कार्ट्यावरचा खरा संताप असतो. यातूनच ‘पेंदेब्येहो’ हा झकास जोडशब्द बनला आहे. ‘ब्येहो’ म्हणजे म्हातारा. पन्नाशी उलटल्यावर विशीतल्या पोरांसारखे कपडे घालून मिरवणारा, तो पेंदेब्येहो. मूर्ख म्हणायचं असेल तर तिथे ‘बोलूदो’ आहे, ‘पेलोतूदो’ आहे. चिलीतही पोरगा, कार्टा हाच अर्थ चालतो, फक्त सूर जास्त तुसडा.

पेरूमध्ये तर उलटी गंगा. लिमाच्या रस्त्यावर पेंदेहो म्हणजे मूर्खाच्या नेमका विरुद्ध: चतुर, बेरकी, दुसऱ्याला टोपी घालणारा. रांगेत मध्येच घुसणारा, मित्राच्या पैशांवर चैन करून वर त्यालाच हसणारा. शब्दात चीड असते आणि पुष्कळदा कौतुकही लपलेलं असतं. लॅटिन अमेरिकेत ‘बिबेसा क्रिओया’ नावाची एक कल्पना आहे, नियमांना वळसा घालून आपलं काम साधण्याची हुशारी. पेरूचा पेंदेहो त्या हुशारीचा मेरुमणी. त्यामुळे ‘पेंदेहादा’ हे नामही बदलतं. मेक्सिकोत पेंदेहादा म्हणजे मूर्खपणा किंवा फालतू गोष्ट, पेरूत ती लबाडी, कोणाला तरी दिलेला दगा.

स्पेनमध्ये हा शब्द रोजच्या बोलण्यात फारसा नाही. मालिका आणि गाण्यांमुळे सगळ्यांना कळतो, पण माद्रिदचा माणूस तो वापरेल तेव्हा बहुधा मेक्सिकनांची नक्कल करत असेल. जाता जाता फिलिपिन्सचं सांगतो. तिथे स्पॅनिश सत्ता १८९८ पर्यंत होती, आणि तागालोग भाषेत ‘पेंदेहो’ म्हणजे ज्याची बायको दुसऱ्याकडे जाते असा नवरा. आखाती देशांत फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या मराठी मंडळींनी मेक्सिकन मालिकेतला शब्द तिथे गंमत म्हणून फेकू नये, ही कळकळीची विनंती.

पायरी ४ : शेजारी कोणतं क्रियापद आहे?

हे मेक्सिकोपुरतं, पण तिथेच या शब्दाचा पसारा सर्वांत मोठा आहे, म्हणून जरा थांबून बघू.

स्पॅनिशमध्ये ‘असणे’साठी दोन क्रियापदं आहेत. ‘सेर’ स्वभावासाठी, ‘एस्तार’ त्या वेळच्या अवस्थेसाठी. ‘एस पेंदेहो’ म्हणजे तो आहेच तसला, त्याच्यावर मारलेला कायमचा शिक्का. ‘एस्तास पेंदेहो?’ हा मात्र प्रश्न आहे: डोकं फिरलंय का तुझं? एखाद्याने जुन्या गाडीची अव्वाच्या सव्वा किंमत सांगितली की मित्र असं विचारतो. दोन्हींत शिवी तीच, पण पहिल्यातली जखम जास्त दिवस राहते.

तिसरं क्रियापद ‘आसेर्से’, म्हणजे आव आणणे, सोंग घेणे. ‘आसेर्से पेंदेहो’ म्हणजे कळूनही न कळल्यासारखं करणं, वेड पांघरून पेडगावला जाणं. हा वाक्प्रयोग समजला नाही तर मेक्सिकन संभाषणाचा निम्मा रस हातचा जातो. असं डोळ्यांसमोर आणा: चार मित्र रस्त्यावरच्या टपरीवर उभ्याउभ्या ताको खाताहेत. आजचे पैसे कोणी द्यायचे हे सगळ्यांना माहीत आहे. टपरीवाला हात पुसत हिशेब सांगतो, आणि नेमका तोच गडी मोबाइलमध्ये डोकं घालतो, अंगठा वरखाली फिरवत राहतो. दुसरा कोपराने ढोसतो आणि म्हणतो, ‘नो ते आगास.’ बस, एवढंच. पुढचा ‘पेंदेहो’ बोललाच जात नाही, पण चौघांनाही ऐकू येतो. ‘सोंग करू नकोस.’ तो हसतो आणि पाकीट काढतो. न उच्चारलेली शिवी वाक्यात पुरती हजर असणं, हे भाषेचं सौंदर्य मला फार भावतं. नवख्याला हे अर्धवट वाक्य कोड्यासारखं वाटतं, कारण शेवटचा शब्दच गायब. तो मनात भरून घ्यायचा.

हाच प्रयोग सरकारी कचेऱ्यांविषयी बोलताना येतो. अधिकाऱ्याला तक्रार माहीत आहे, कागद टेबलावर आहे, पण ‘से आसे पेंदेहो’. इथे हसू नसतं.

मग ‘मे ब्येरॉन ला कारा दे पेंदेहो’. शब्दशः, त्यांना माझा चेहरा मूर्खाचा दिसला. अर्थ: मला गंडवलं, शेंडी लावली. टॅक्सीवाल्याने परदेशी बघून दुप्पट भाडं घेतलं, की हे वाक्य मेक्सिकन मित्र तुमच्या वतीने म्हणेल.

‘आपेंदेहार्से’ म्हणजे बेसावध होणं, तंद्री लागणं. बाजारात खिसेकापूंची भीती असेल तर ‘नो ते आपेंदेहेस’, डोळे उघडे ठेव. आणि ‘आ लो पेंदेहो’ म्हणजे कसलाही विचार न करता: आ लो पेंदेहो गाडी चालवणारा, आ लो पेंदेहो पैसे उडवणारा.

आणि सर्वांत निरुपद्रवी वापर स्वतःवरचा. गाडीचा दरवाजा लावला, किल्ली आतच राहिली. माणूस काचेला नाक लावून आत बघतो आणि म्हणतो, ‘के पेंदेहो सोय!’ इथे कोणाला लागत नाही.

पायरी ५ : कोण कोणाला म्हणतंय?

देश कळला, क्रियापद कळलं. आता नातं बघा. बरोबरीचे, जुने, रोज भेटणारे मित्र एकमेकांना पेंदेहो म्हणतात ते आपल्याकडे दोन वर्गमित्र एकमेकांना ‘साल्या’ म्हणतात तसं. पण मेक्सिकन मित्रांमधली रोजची हाक ‘वेय’ ही आहे, आपल्या ‘लेका’च्या वजनाची. पेंदेहो तिच्यापेक्षा बराच जड. दिवसभर ‘वेय, वेय’ करणारे दोघे पेंदेहो जपूनच वापरतात. हा फरक परदेशी लोक नेहमी विसरतात आणि दोन्ही शब्द एकाच मापाने वाटत सुटतात.

वरून खाली म्हटलं की हा शब्द गंमत उरतच नाही. मुकादमाने मजुराला, मालकिणीने कामवालीला, शिक्षकाने मुलाला म्हटलं, तर तो अपमान आहे आणि समोरच्याला उलट बोलता येत नाही म्हणून जास्त लागतो. नवऱ्याने बायकोला ‘पेंदेहा’ म्हणणं हे कित्येक घरांतल्या छळाचं नेहमीचं हत्यार आहे. ‘तुला काही कळत नाही’ हे रोज एका शब्दात ऐकवणं. त्यावर मालिकेत हशा असला तरी तुम्ही हसू नका.

बाईसाठी वापरताना अर्थही बदलू शकतो. पेरूत पुरुष पेंदेहो असेल तर तो चलाख, पण बाईला पेंदेहा म्हटलं की तिच्या चारित्र्यावर बोट ठेवलं जातं. अर्जेंटिनात पेंदेहा म्हणजे तरुण पोरगी, आणि ‘अजून किती तरुण दिसतेस’ अशा सुरात मैत्रीण मैत्रिणीला तो शब्द वापरू शकते. तोच शब्द अनोळखी पुरुषाच्या तोंडी ओंगळ होतो.

पायरी ६ : तुम्हालाच कोणी म्हटलं तर

रस्त्यावर, गाडीतून, अनोळखी माणसाने म्हटलं तर उत्तर देऊ नका, चालायला लागा. मेक्सिकोत काय किंवा अमेरिकेत काय, शब्दाला शब्द वाढवून परक्या माणसाच्या हाती काही लागत नाही.

ओळखीच्या घोळक्यात कोणी हसत म्हटलं, तर बहुधा तुम्हाला आपल्यात घेतलं जातंय. तुम्हीही हसा. पण लगेच तोच शब्द परत फेकू नका. तुमचा सूर अजून जमलेला नाही, आणि चुकीच्या सुरातला पेंदेहो खरा वाटतो. कामाच्या ठिकाणी वरिष्ठाने म्हटलं तर मात्र हसून सोडून देऊ नका. शांतपणे ‘नो मे आब्ले आसी, पोर फाबोर’ म्हणा, म्हणजे ‘माझ्याशी असं बोलू नका’. इथे ‘आब्ले’ हे आदरार्थी रूप मुद्दाम वापरायचं. समोरच्याने पातळी सोडली तरी तुम्ही ‘अहो’वर ठाम राहिलात हे स्पॅनिश कानाला लगेच जाणवतं. गोष्ट वारंवार होत असेल तर लेखी तक्रार करा.

पायरी ७ : मग बोलायचं काय?

निदान पहिलं वर्षभर हा शब्द दुसऱ्या कोणाला उद्देशून वापरूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवी ही भाषेतली सर्वांत अवघड गोष्ट आहे. व्याकरण चुकलं तर लोक दुरुस्त करतात, शिवी चुकली तर दुरावतात.

मेक्सिकोत त्या जागी ‘मेन्सो’ वापरा. बावळट, येडपट एवढाच अर्थ, आजी नातवालाही म्हणते. ‘तोंतो’ सगळीकडे चालतो, पण थेट तोंडावर म्हटला तर तोही लागतोच. सोंगाचा वाक्प्रयोग हवा असेल तर ‘आसेर्से तोंतो’ तितकाच नेमका आणि सभ्य आहे. स्वतःवर चिडायचं असेल तर ‘के मेन्सो सोय’, बाई असेल तर ‘के मेन्सा सोय’. पोरगा म्हणायचं असेल तर अर्जेंटिनात ‘पीबे’ हा गोड शब्द आहे, तो बिनदिक्कत वापरा.

लिहिताना आणखी जपा. आवाज, हसू, खांद्यावरचा हात यातलं काही मोबाइलच्या संदेशात जात नाही. मेक्सिकन पोरं स्वर गाळून हा शब्द अर्धवट लिहितात, तो ओळखायला शिका, पण ऑफिसच्या ग्रुपवर तसाही लिहू नका. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराच्या आयटी कंपन्यांबरोबर काम करणाऱ्या पुण्याच्या मंडळींना हे खास सांगणं. तिकडचे सहकारी आपसात काय लिहितात ते त्यांचं त्यांच्याजवळ.

नवीन वाक्यात शब्द भेटला आणि अर्थ जुळेना, तर स्पॅनिश भाषा अकादम्यांच्या संघाने २०१० मध्ये काढलेला अमेरिकी स्पॅनिशचा कोश इंटरनेटवर मोफत बघता येतो. त्यात प्रत्येक अर्थापुढे देशांची नावं दिलेली असतात. साध्या भाषांतराच्या ॲपपेक्षा तो शंभरपटीने भरवशाचा.

आणि इतकं करूनही शब्द तोंडातून निसटलाच, समोरच्याचा चेहरा उतरला, तर स्पष्टीकरणं देत बसू नका. ‘पेर्दोन, से मे सालियो’ म्हणा: माफ करा, तोंडातून गेलं. मेक्सिकोत ही चूक सगळ्यांकडून होत असते, त्यामुळे वेळेवर म्हटलं तर बहुतेक जण तिथल्या तिथे विषय बदलतात.